क्षितिजाचा शेवटचा सीझन

क्षितिजा कुवेतमधल्या सालमियात लहानाची मोठी झाली आणि कॉलेजसाठी अमेरिकेला गेली. तिथे तिला लॅक्रॉस सापडला. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, पळायचं आणि समोरच्या गोलात मारायचा, असा खेळ. ती गोलकीपर झाली. टणक चेंडू अंगावर आला की बहुतेकांचे डोळे आपोआप मिटतात. तिचे मिटत नसत. त्या जोरावर ती व्यावसायिक लीगमध्ये पोहोचली आणि काही सीझन टिकलीही. मग सरावात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, पण पूर्वीची झेप परत आली नाही. मॅनेजरने फोनवर आभार मानले, करार वाढवला नाही. करार नाही म्हणजे व्हिसा नाही. ती आईवडिलांकडे परत आली.

आई, शर्मिला, पाहुण्यांना सांगायची, "हॉकीसारखं काहीतरी खेळायची." सुरुवातीला क्षितिजा दुरुस्त करायची. पुढे तिने ते सोडून दिलं.

ऊन उतरलं की ती पार्किंगच्या भिंतीवर चेंडू मारायची आणि परत येईल तो झेलायची. एकदा रखवालदार हमजा खाली आला.

"मॅडम, आवाज बहुत होता है. ऊपरवाले लोग गुस्सा करते हैं."

मग ती पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊ लागली. तिथे भिंत नव्हती. फेकलेला चेंडू वाळूत रुतायचा आणि दर वेळी स्वतःच चालत जाऊन आणावा लागायचा. गुडघा ठणकायचा, तरी ती जायची.

एका रविवारी संध्याकाळी तिच्या जुन्या टीमची मॅच होती. तिने लॅपटॉप उघडला. वडील, प्रताप, रिफायनरीतले इंजिनिअर, चहा घेऊन शेजारी बसले. थोडा वेळ निरखून पाहत त्यांनी विचारलं, "यात तू कुठली?"

"मी नाहीये यात, बाबा. ही आत्ता चाललीये."

"अरे हो." ते ओशाळले. "मग तू कुठे उभी राहायचीस?"

तिने गोलातल्या मुलीवर बोट ठेवलं. तेवढ्यात चेंडू आला, त्या मुलीने तो अडवला, आणि इकडे क्षितिजाचे दोन्ही हात वर गेले. वडिलांनी ते पाहिलं.

"तू अडवला असतास?"

"हो."

"मला समजावून सांग हा खेळ. पहिल्यापासून."

ती सांगू लागली. गोलाभोवतीचं वर्तुळ, बचाव करणाऱ्यांना मागून ओरडून द्यायच्या सूचना. इतकं ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. बोलता बोलता तिने वळून पाहिलं, तर दिवसभराच्या ड्युटीने थकलेले वडील बसल्या जागी झोपले होते. तिने त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि राहिलेलं हळू आवाजात सांगून पुरं केलं.

टीम जिंकली. पडद्यावर मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. तिने टीमच्या ग्रुपवर अभिनंदनाचा मेसेज पाठवला. एकीने हार्ट पाठवलं.

पुढच्या महिन्यात एका भारतीय शाळेत क्रीडाशिक्षिकेच्या जागेसाठी तिची मुलाखत झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "लॅक्रॉस आमच्याकडे नाही. थ्रोबॉल शिकवाल?"

"शिकवीन," क्षितिजा म्हणाली.