नववा डबा

माझा साडू मला पहिल्यापासून आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तरी आमच्या डब्यांच्या कारखान्यात त्याला मीच लावला. बायकोने तगादा लावला होता, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला काम नाही म्हणून. म्हटलं, राहील माझ्या हाताखाली दबून. चार महिन्यांत गडी सगळ्यांचा लाडका झाला.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, मधोमध कापायचं टेबल आणि खिडकीपाशी डबे चिकटवणाऱ्यांची स्टुलं. आम्ही बुटांचे डबे करतो, आणि अठरा वर्षं पुठ्ठा कापतोय मी. जुने मालक असताना ऐन घाईत पुठ्ठा कमी पडला की सगळे माझ्याकडे बघायचे. मी सगळ्यांना बाहेर काढायचो, दार लावायचो आणि आहेत तेवढ्याच तावांत ऑर्डर पुरी करायचो. मालक म्हणायचे, तुझ्या हातात जादू आहे. जादू कसली! पुठ्ठ्यावर आखायचा फर्मा एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवला की एका डब्याची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि एका तावातून आठाऐवजी नऊ डबे निघतात. एरवी मात्र मी आठच काढायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मालक गेले, त्यांची मुलगी आली. तिने नवी टूम काढली. दर सोमवारी सगळ्यांनी टेबलाभोवती उभं राहायचं आणि कामातली एक तरी खोट सांगायची. कटिंगचा मुख्य ती त्यातूनच निवडणार होती. मी दर वेळी सांगायचो, सगळं झकास आहे. मुख्य मीच होणार, यात मला शंका नव्हती. नवा शर्टसुद्धा घेऊन ठेवला होता.

त्या सोमवारी साडू कागदावर काहीतरी आखून घेऊन आला. "मॅडम, फर्मा उलटसुलट ठेवून बघू का? नऊ बसतील असं वाटतंय."

बसले. टाळ्या झाल्या. वर हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, आखायला दादांनीच शिकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी चीज माझ्याच देखत उचलायची आणि मोठेपणाही आपणच मिरवायचा! मला राहवलं नाही.

"यात नवीन काय? मला तेरा वर्षांपासून माहितीय हे."

टाळ्या थांबल्या. मॅडम माझ्याकडे वळल्या. "सात वर्षांपूर्वी पुठ्ठा परवडत नाही म्हणून बाबांनी चिकटवणाऱ्या दोघींना घरी बसवलं. तेव्हाही माहीत होतं?"

खिडकीपाशी दोन रिकामी स्टुलं एकावर एक ठेवलेली होती. त्यातलं एक माझ्या बायकोचं. तेव्हा ती आठवडाभर रडत होती आणि मी तिची समजूत घातली होती की मालकांचा नाइलाज झाला.

"होतं," मी म्हणालो.

मॅडमनी फर्मा उचलून साडूच्या हातात दिला.

सुट्टी झाल्यावर तो मला फाटकापाशी गाठायला आला. वाटलं, आता टोमणा मारणार. मीही उत्तर तयार ठेवलं.

"दादा, घरी ताईंना माझ्याकडून काही कळणार नाही," एवढंच म्हणाला आणि सायकल काढून गेला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. चांगुलपणातही मेला माझ्या पुढेच.

घरी बायकोने विचारलं, चेहरा का उतरलाय. मी सांगितलं, तुझ्या बहिणीचा नवरा मुख्य झाला.

ती इतकी खूश झाली की माझं ताट वाढायचं विसरली. "होणारच होता," ती म्हणाली. "हुशार तर आहेच, आणि तुमच्यासारखाच, मनात काही ठेवत नाही."