एक ते तीन बंद

"काका, हा नंबर कुणाचा?"

वेबसाइटवालीने मोबाइल थोरल्याच्या नाकासमोर धरला. त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, आकडे वाचले आणि चष्मा परत वर ढकलला.

"कुणाचा नाही. पुढं बोल."

"पुढं काय बोलू? नेटवर तुमच्या दुकानासमोर हाच नंबर आहे. लोक फोन यालाच करणार."

वेबसाइटवालीचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. लहान दुकानदारांना ती नेटवर आणत असे. तिच्या आईचं शिलाई मशीन थोरल्याने तीनदा जिवंत केलं होतं, म्हणून त्याचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. गरजही होतीच. चार महिन्यांत गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं. असंच चाललं तर वर्षाअखेर दुकान सोडावं लागेल, हे थोरल्याला कळत होतं, पण विचारणाऱ्याला तो सांगे, "हल्ली शिवतंय कोण?"

"नियम साधा आहे, काका. पाटीवर जे नाव तेच नेटवर, आणि जो फोन तुम्ही उचलता तोच नंबर. आता नाव काय घालू? पाटीवर तर 'बंधू शिलाई मशीन दुरुस्ती' आहे."

"बंधू काढ. 'मशीनडॉक्टर' घाल. पाटीही बदलणार आहे मी."

बंधू म्हणजे धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी त्याने दुकानात नवी मशीनं विकायला ठेवू म्हटलं. थोरला म्हणाला, विकणारा दुरुस्ती मन लावून करत नाही. धाकटा म्हणाला, दादा, जग कुठं चाललंय बघ. शब्दाने शब्द वाढला आणि धाकटा आपली हत्यारं घेऊन निघून गेला. त्याच्या आदल्याच महिन्यात त्याने कौतुकाने दुकान नेटवर टाकलं होतं, स्वतःचा नंबर देऊन. थोरल्याने त्या खुळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उलट घरी बजावलं, या घरात त्याचं नाव निघता कामा नये. थोरल्याचा राग म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही.

"लोकांनी अभिप्राय लिहिलेत, वाचू?" ती हसत होती. "हा बघा. 'फोनवरच्या काकांनी सांगितलं, आधी सुई बदलून बघा. बदलली आणि मशीन चालू! दुकानात जायची गरजच पडली नाही.'"

"म्हणजे माझं एक गिऱ्हाईक गेलं."

"ऐका तरी. 'फोनवरच्या काकांनी आधीच सांगितलं होतं, दुकानात माझा दादा बसतो. तोंडाचा फटकळ आहे, मनावर घेऊ नका, हात सोन्याचा आहे. एक ते तीन जाऊ नका, झोपतो. तरी मी दोन वाजता गेले. खरंच झोपले होते.'"

थोरल्याच्या हातातलं बॉबिन खाली पडून टेबलाखाली घरंगळलं. ते उचलायला तो वाकला नाही. नवी माणसं यायची आणि म्हणायची, "फोनवर बोलणं झालंय." घरच्या फोनवर बायकोशी बोलली असतील, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. बायकोला एकदा विचारावं, एवढंही त्याच्या मनात आलं नाही.

"असे किती आहेत?"

"पुष्कळ आहेत. अकरा वर्षांचे." ती बोट सरकवत खाली गेली आणि तिचं हसू मावळलं. "हे अलीकडचे मात्र वाईट आहेत. 'दहा वेळा फोन केला, उचलत नाहीत.' 'दुकान बंद झालेलं दिसतं.' सगळे गेल्या चार महिन्यांतले."

चार महिने. थोरल्याने आपला मोबाइल काढला आणि तो नंबर लावला. आकडे बघावे लागले नाहीत. बराच वेळ घंटी वाजली, मग धाकट्याच्या बायकोने उचलला.

"मी बोलतोय," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"भावजी? तुम्ही?" मग ती सावकाश बोलू लागली. "अर्धांगाचा झटका आला हो त्यांना. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जाऊबाईंना सगळं ठाऊक आहे, शनिवारी येऊन जातात. पण तुमच्यापुढं नाव काढायची चोरी ना! हा फोन वाजला की हे त्याच्याकडं बघत राहतात. मी उचलून तरी काय सांगणार? मला कुठं मशीनमधलं कळतंय?"

थोरला रडायच्या बेतात होता. स्वतःचीच इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"त्याच्या कानाला लाव," तो म्हणाला.

खुडबुड झाली. मग श्वास ऐकू येऊ लागला, जड आणि अडखळता. अकरा वर्षांनी भावाशी काय बोलायचं, हे थोरल्याला सुचेना. त्याला बोलता येई ते फक्त मशीनचं.

"हॅलो," तो गिऱ्हाइकासारखा म्हणाला. "दोरा सारखा तुटतोय हो. काय करू?"

श्वास थांबला. मग घशातून ओढून काढल्यासारखा आवाज आला.

"सु… सु…"

"सुई," थोरला म्हणाला. "हो रे. आधी सुई बदलतो."

फोन ठेवून त्याने चष्मा उतरवला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. वेबसाइटवाली मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. तिला सगळं कळलं होतं.

"नंबर बदलू ना, काका?" तिने हळूच विचारलं.

"बदल. माझा घाल. आता मलाच उचलायला हवा."

"आणि नाव?"

"तूच म्हणालीस ना, पाटीवर जे तेच नेटवर? मग पाटीवर आहे तेच घाल."

तिने लिहिलं. "वेळ?"

"दहा ते सात. एक ते तीन बंद."

भिंतीवरच्या घड्याळात एकला पाच कमी होते. दुपारी आडवं व्हायची सतरंजी कोपऱ्यात गुंडाळलेली होती, ती तशीच राहिली. थोरल्याने तेलाचे हात साबणाने दोनदा धुतले, टेबलाखालचं बॉबिन शोधून डबीत टाकलं आणि वेबसाइटवाली बाहेर पडल्यावर शटर खाली ओढलं.

मोबाइल त्याने खिशात ठेवला नाही. हातातच धरून तो धाकट्याच्या घराकडे निघाला. कुणाचा फोन आलाच, तर त्याच्या कानाला लावता आला असता.