दाराकडची बाजू

बस्त्याचे काम तासाभरात आटोपणार नाही, हे नांदेडच्या त्या साडीच्या दुकानात शिरताक्षणीच स्पष्ट झाले. कारण भारी साड्या वरच्या मजल्यावर होत्या आणि पार्वतम्मा वर जाणार नव्हत्या. रुद्रेशची आई जिना चढत नाही, हे लातूरच्या कापडवाल्यांना ठाऊक होते. इथल्या मालकाला ते समजावून सांगावे लागले. अखेर नोकर गठ्ठे खाली आणू लागले, पार्वतम्मांनी उंबऱ्यालगतची जागा धरली, आणि अक्षराच्या आईने, सुमनबाईंनी, घड्याळाकडे बघत मुलीला व होणाऱ्या जावयाला सहलीच्या बुकिंगसाठी मोकळे केले. लग्नाला पाच आठवडे उरले होते.

बुकिंगचे ऑफिस चार दुकाने सोडून, तळमजल्यावर होते. तळमजल्यावर आहे, ही खात्री रुद्रेशने आदल्या दिवशीच फोनवरून करून घेतली होती. अक्षराला मात्र त्याने ते सांगितले नव्हते. साखरपुड्यानंतरच्या चार महिन्यांत तो तिच्याशी रोज बोलत आला होता, आपल्या डाळमिलबद्दल, धाकट्या भावाबद्दल, अगदी आपल्या घोरण्याबद्दलही. एवढी एकच गोष्ट त्याने जिभेवर येऊ दिली नव्हती.

चपला बाहेर काढून दोघे आत बसले. हरिओम नावाच्या एजंटाने पाण्याचे दोन पेले समोर ठेवले आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. मालदीवमधले एक चिमुकले बेट. सगळे मिळून चाळीस खोल्या, गाड्या नाहीत, भोंगे नाहीत, सबंध बेटाला चालत फेरी मारायला अकरा मिनिटे. खोल्या दोन तऱ्हेच्या होत्या: काही किनाऱ्यावरच्या वाळूत, आणि महागड्या, त्या थेट पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या, लाकडी पुलाने बेटाशी जोडलेल्या. या खोल्यांच्या जमिनीत बसवलेल्या काचेतून खालचे मासे दिसत. अक्षरा फार्मसी कॉलेजात शिकवत असे. दिवसभर साठ मुलांपुढे आवाज चढवून ती घरी येई. आठवडाभर कोणी आपल्याला हाक मारू नये, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती इच्छा या पाण्यावरच्या खोलीपाशी येऊन थांबली होती.

रुद्रेशने विचारले, बेटावरची सर्वांत उंच जागा किती उंच आहे. माणसाच्या उंचीएवढी असेल, हरिओम म्हणाला. डोंगर पाहिजे असेल तर सिमला देतो. मग रुद्रेशने खोलीचे दार आपोआप लागते का हे विचारले, आणि पलंगापासून दार किती पावलांवर आहे तेही. हरिओमने माउस सोडला.

"साहेब, हनिमूनला चाललात की पंचनामा करायला?"

अक्षरा हसली. रुद्रेशही हसला, पण थोडा उशिरा.

त्र्याण्णव सालच्या भूकंपात, म्हणजे त्याच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, त्याचे कुटुंब किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यात राहत होते. पहाटे जमीन हलली तेव्हा त्याची आजी उंबऱ्यात उभी राहून एकेकाचे नाव घेऊन हाका मारू लागली. सगळी माणसे एकदम बाहेर पडावीत, असा तिचा आग्रह होता. चौथ्या नावाला माळवद खाली आले. रुद्रेशचे वडील त्या रात्री परगावी होते; घरातल्यांपैकी पार्वतम्मा तेवढ्या वाचल्या, कारण त्या कोणासाठीही थांबल्या नव्हत्या. आत त्यांची दोन वर्षांची मुलगी होती. त्या मुलीविषयी त्या पुढे कधी बोलल्या नाहीत. त्यांनी मागाहून झालेल्या दोन्ही मुलांना फक्त एक नियम शिकवला. आधी बाहेर, हाका मग. दिवसा कोणत्याही वेळी त्या पितळी परात वाजवीत, आणि तिचा नाद विरण्याआधी मुलांनी अंगण गाठायचे असे. जो पहिला पोचेल त्याला गुळाचा खडा मिळे. सात वर्षांचा असताना रुद्रेश एकदा धाकट्या वीरभद्राचा हात धरायला थांबला. तेव्हा गुळाऐवजी थोबाडीत बसली होती आणि आई दिवसभर रडत होती.

जमिनीचे भय त्याला फारसे उरले नव्हते. भय होते ते आपल्याच पायांचे, कारण ते त्याला न विचारता निघत. लग्न ठरल्यापासून त्या भयाला एक माणूस मिळाले होते, मागे राहून जाईल अशी अक्षरा. आणि आता हे बेट. जन्मभर ज्या एका शब्दावर तो विसंबला, तो 'बाहेर' तिथे नव्हताच. दारापुढे पूल होता, पुलाखाली पाणी होते, पुलापलीकडे माणसाएवढी उंच वाळू होती आणि वाळूपुढे पुन्हा पाणी. तिथे पाय निघाले तर जातील कुठे?

तो किनाऱ्यावरच्या खोल्यांचे नाव काढणार, तोच टेबलावरचे ते दोन पेले एकमेकांना लागून किणकिणू लागले.

भान आले तेव्हा तो रस्त्याच्या मध्यावर अनवाणी उभा होता. डांबर पोळत होते. दहा हातांवरून रस्त्याच्या कामाचा रोलर सावकाश पुढे सरकत होता, आणि चालक हाताने त्याला बाजूला व्हायला सांगत होता. ऑफिसचे काचेचे दार अजून हेलकावत होते. आत त्याची खुर्ची उलथी पडली होती, आणि तिच्याशेजारी अक्षरा, मघाशी बसली होती तशीच, मान वळवून बाहेर बघत होती. त्याने तिला हाक मारली नव्हती.

ती बाहेर आली. त्याच्या चपला तिने पायानेच त्याच्याकडे सारल्या.

"काय झालं?"

"रोलर."

"रोलर मला बी दिसून राहिला. तुम्हाला काय झालं?"

शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीशी उभे राहून त्याने सांगितले. आजी, परात, गूळ, थोबाडीत, आणि ती दोन वर्षांची मुलगीही.  संपल्यावर अक्षराने एवढेच विचारले, बाहेर आल्यावर तरी तुम्ही मला हाक मारली असती का?

खोटे बोलणे सोपे होते. 

"तू आत आहेस हेच ध्यानात नव्हतं."

 अक्षराने नजर वळवली, आणि ती रस्त्याच्या खालच्या अंगाला खिळून राहिली. रोलर साडीच्या दुकानापर्यंत पोचला होता. पार्वतम्मा भररस्त्यात उभ्या होत्या. जांभळ्या साडीचा उलगडलेला पदर त्यांच्या खांद्यावरून दुकानाच्या पायरीपर्यंत लोळत होता. दुकानाच्या दारात सुमनबाई आणि नोकर थक्क होऊन उभे होते. पार्वतम्मा हाका मारत होत्या. रुद्रेश. वीरभद्रा, जो लातूरला मिलमध्ये होता. मग एक नाव, जे रुद्रेशने आयुष्यात ऐकले नव्हते. मग अक्षरा.

"आले, आई," अक्षरा मोठ्याने म्हणाली. पण ती तिकडे गेली नाही. पार्वतम्मांनी मान हलवलेली तिने पाहिली आणि ती ऑफिसात परतली.

आता ती बेट रद्द करील, किंवा लग्नच, असे मनाशी धरून रुद्रेश तिच्या मागोमाग शिरला. हरिओमने खुर्ची उचलून ठेवली होती. तिच्यावर, म्हणजे दाराजवळच्या त्याच्या जागेवर, अक्षरा बसली. त्याच्यासाठी भिंतीकडची खुर्ची उरली. तिने खोलीचा नकाशा पुन्हा मागितला आणि पलंगावर बोट ठेवले.

"दाराकडची ही बाजू माझी. तुम्ही भिंतीकडं. पळायचं असलं तर पळा, पण मला ओलांडून जावं लागंल. तेव्हा तरी कळंल, मी हाय म्हणून."

वाळूवरची का पाण्यावरची, हरिओमने चाचरत विचारले.

"पाण्यावरची," ती म्हणाली, आणि रुद्रेशकडे बघत राहिली.  त्याने मान डोलावली.

हरिओम पासपोर्टचे नंबर टिपून घेऊ लागला. बाहेर रोलर रस्त्याच्या टोकाशी पोचून उलटा फिरला आणि परत येऊ लागला. पेले किणकिणले. रुद्रेशच्या टाचा फरशीवरून सुटल्या. गुडघे ताठ झाले. दार एकदम फार दूर दिसू लागले, आणि त्या वाटेवर अक्षराचे गुडघे होते.

"अक्षरा," त्याने हाक मारली. आतूनच.

"हाव," ती म्हणाली. "बसा."