नजरेला पडलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. वाटेत ठेच लागावी असा मात्र नव्हे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या काळोखात मी सूर्याभोवती फिरतो. एका फेरीत तुमची चार-पाच वर्षं सरतात. फार पूर्वी एका टकरीत मी मोठ्या दगडातून तुटून निघालो. तेव्हापासून माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, त्याची सवय झाली होती.

मग पेणच्या प्रणितानं मला पाहिलं. तिच्या कॉलेजात दुर्बिणीतून काढलेले आकाशाचे फोटो तपासायला येत. एकापाठोपाठ एक फोटो लावताना त्यातला एक ठिपका जागचा हलला. तो मी!

"पुढच्या फोटोंत लगेच शोध," तिच्या बाई म्हणाल्या. "नाहीतर त्याची वाट कळायची नाही. हरवला समज."

ज्याला एकदा कुणी पाहिलं, त्यालाही दिसू लागतं. त्या दिवसापासून मला तिचं घर दिसतं, तिच्या वडिलांचा गणपतीचा कारखानाही दिसतो.

प्रणिता तिथे मूर्तींचे डोळे आखते. नवे फोटो आले तेव्हा सण तोंडावर आला होता. "आधी डोळे, मग तुझा दगड," तिचे वडील रघूशेठ म्हणाले. "गिऱ्हाईक थांबायचं नाय." ती आखायला बसली, पण मन माझ्यापाशी होतं.

दुपारी रघूशेठ आत आले आणि दारातच थबकले. "हे सगळे जमिनीत काय बघतात गो?"

गणपतीची नजर भक्ताच्या नजरेला भिडावी लागते. इथे ओळीनं मांडलेल्या साऱ्या मूर्ती खाली, एकाच जागी बघत होत्या. मी दगड, पण मलाही शहारा आला. त्या वेळी मी नेमका तिथेच होतो, पृथ्वीच्या पलीकडे, प्रणिताच्या पायांखाली.

"मी समोर बघणारेच काढले होते, बाबा," ती म्हणाली.

मूर्तींचे डोळे पुसून तिनं पुन्हा आखले. तोवर फोटो तपासायची मुदत टळली. ती रडली. मी हरवलो.

त्या घाईत एका लहान मूर्तीचा हात मोडला. ती फळीवरच राहिली. तिचे डोळे कुणी पुसले नाहीत. आता होळीही होऊन गेली. मी सूर्यामागे गेलो आहे, कुठल्याच दुर्बिणीला दिसत नाही. आणि तेव्हा जमिनीत बघणारी ती मूर्ती आता भरदुपारी मान न हलवता वर, तापलेल्या पत्र्याकडे बघते, थेट पत्र्यापलीकडच्या सूर्याच्या दिशेनं.

प्रणिताला तिची भीती वाटू लागली आहे. काल तिनं ओलं फडकं हातात घेतलं होतं.

मित्रांनो, कुणीतरी तिला सांगा, पुसू नकोस गो. मी कुठे आहे, हे आता त्या दोन डोळ्यांनाच ठाऊक आहे.