नेटवर्कवरचा बावळोबा

लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाची एक मोठी सोय असते: कुणाच्याही तोंडावर त्याच्याबद्दल काहीही बोलता येतं. लतिका या सोयीचा मनसोक्त फायदा घ्यायची. ऑफिसातले कंप्यूटर सांभाळणारे दीनानाथ श्रीवास्तव तिच्या लेखी बावळोबा. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लावायचे. ते शेजारी काम करत असले तरी ही खुशाल नवऱ्याला, निरंजनला, फोनवर सांगायची, "बावळोबा आलाय रे. आज काही मी वेळेवर सुटत नाही!"

मग तिचा पाय मोडला आणि ती प्लास्टर घालून लखनौतल्याच सरोजिनी नगरच्या घरी पडली. दिल्लीला पाठवायचं उत्तर ऑफिसातल्या तिच्या कंप्यूटरवर अर्धवट होतं, आणि ते आजच गेलं नाही तर मेमो ठरलेला. घरून काम करू द्यायला साहेब तयार नव्हते. "मैं करवा दूँगा, मेरी ज़िम्मेदारी," असं म्हणून दीनानाथांनीच त्यांना राजी केलं. म्हणजे तिच्यासाठी त्यांनीही आपली मान अडकवून घेतलेली.

मोडेम किंचाळला, लाइन लागली, पासवर्डही घेतला. पण ऑफिसातल्या कंप्यूटरांची नावं दिसायला हवीत तिथे नुसता शुकशुकाट. लँडलाइन मोडेमनं अडवलेली, म्हणून ती निरंजनच्या मोबाइलवरून दीनानाथांशी बोलत होती. ते एकेक गोष्ट शांतपणे तपासत होते.

"काही येत नाही या बावळोबाला. नुसता टाइमपास चाललाय," फोनवर हातसुद्धा न ठेवता ती निरंजनला म्हणाली.

मग दीनानाथ म्हणाले, "मैडम, ज़रा वर्कग्रुप का नाम पढ़िए. एक-एक अक्षर."

तिनं वाचलं आणि चूक सापडली. ऑफिसात कंप्यूटरांच्या या गटाला शहराचं नाव सरकारी इंग्रजी स्पेलिंगनं दिलेलं होतं, आणि हिनं घरी इंग्रजी अक्षरांत मराठी उच्चाराप्रमाणे 'लखनौ' लिहून ठेवलेलं! दोन्हीकडे नाव एकच नसेल तर कंप्यूटर एकमेकांना दिसणार कसे? तिनं गुपचूप ते बदललं, पुन्हा लाइन जोडली.

"लिस्ट देर से आती है, मैडम. घबराइए मत." बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आ गया. लिस्ट में बावळोबा दिख रहा है. आपका ही है न?"

घरचा कंप्यूटर रेंगाळतो म्हणून लेकीनं, सृष्टीनं, हसत हसत त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत बावळोबा ठेवलं होतं. पण ती अक्षरं हिंदी माणूस 'बावलोबा' अशी वाचेल. यांचा ळ अगदी चोख होता.

"हाँ जी," ती म्हणाली. "मेरा ही है."

"मग उघडा फाइल," दीनानाथ स्वच्छ मराठीत म्हणाले. "आधी दिल्लीचं उरका. बाकीचं राहू दे."

तिनं उत्तर पुरं करून पाठवलं कसंबसं. कान तापले होते. धरणीनं पोटात घ्यावं, इतकी लाज वाटत होती. निरंजन तर मान वर करायला तयार नव्हता.

"दीनानाथजी, माफ़ कीजिए, हमसे बहुत..."

"मराठीत बोला ना, मॅडम."

तिनं मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"माझी आई नागपूरची," ते म्हणाले. "ती गेली, आणि घरातली मराठी संपली. तुम्ही घरी फोन करायचात ना, तेव्हा माझं काम कधीच झालेलं असायचं. पण उठवायचं नाही. ऐकत बसायचो."

"पण मी तर तुम्हालाच..."

"हो. ते पण ऐकायचो."

लतिका तोंडावर हात दाबून रडायला लागली. पलीकडे दीनानाथ फोन धरून वाट बघत होते.

"बोला ना," ते म्हणाले. "काहीही बोला."