इफच्या घरात वुड

"ताई, मी थोडे दिवस राहायला येऊ का?" धाकटीने फोनवर विचारलं. आवाज दबका होता आणि मागे नळ सोडल्याचा आवाज येत होता.

"विचारतेस काय? घर तुझंच आहे. तो काय म्हणतो?"

"त्याला सांगितलेलं नाही. तो माझा फोन तपासतो, ताई. मी बुधवारी निघते."

बुधवार आला आणि गेला, धाकटी आली नाही. फोन वाजून वाजून बंद पडत होता. गुरुवारी सकाळी एकदाचा तिच्या फोनवरून इंग्रजीत मेसेज आला. घसा बसलाय, बोलता येत नाही, येणं पुढे ढकललंय, काळजी नको. आणि शेवटी, "इफ आय वुड गेट टाइम, आय वुड कॉल यू."

ताई म्हणजे क्लासच्या बाई. त्या घरच्या पुढच्या खोलीत इंग्रजीचे क्लास घेत आणि त्यांना एकच व्यसन होतं. चूक दिसली की हात शिवशिवत. हॉटेलातलं मेनूकार्ड असो, दवाखान्याची पाटी असो, पर्समधून पेन निघालंच म्हणून समजा. धाकटीला घेऊन कुठे जायची सोय नव्हती, कारण ती बाईंच्याही आधी पेन काढायची. तर बाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि सवयीने उत्तर ठोकून दिलं, "इफ आय गॉट टाइम! इफच्या घरात वुडला जागा नाही. काय गं, कधीपासून चुकायला लागलीस? ही तर तुझ्या नवऱ्याची चूक!"

पाठवलं आणि त्यांना बरं वाटलं. पोरगी लिहितेय म्हणजे ठीक आहे. घसा काय, बरा होईल.

सकाळच्या बॅचला नेमका तोच धडा होता. बाईंनी फळ्यावर तीन दारं काढली. पहिलं सताड उघडं. ती आली तर मी सांगेन. इथे विल चालतं, कारण ती येऊही शकते. दुसरं नुसतं लोटलेलं. इंग्रजीत क्रियापद भूतकाळाचं दिसतं, पण गोष्ट आत्ताची असते. येण्याची आशा कमी, पण कडी लागलेली नाही. इथे वुड. तिसऱ्या दारावर बाईंनी खडू आडवा धरून भिंत रंगवली. "ही वुड हॅवची जागा. जे व्हायचं ते होऊन गेलं. आता कितीही डोकं आपटा."

"बाई, पण मी इफच्या भागातही वुडच घालते," दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी मुलगी म्हणाली. "आपोआप येतं."

"सगळ्यांचंच होतं. मराठीत आपण म्हणतो, वेळ मिळाला असता तर फोन केला असता. इकडे असता, तिकडे असता. मग इंग्रजीतही इकडे वुड, तिकडे वुड. माझा एक विद्यार्थी होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. दोन वर्षं घासली, पण गड्याने पहिल्या भागातला वुड काही सोडला नाही."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

तो लिफ्टवाला आता त्यांच्या बहिणीचा नवरा होता. ह्याच खोलीत, मागच्या बाकावर बसून त्याने धाकटीला पटवलं होतं. आणि धाकटी ही चूक करणं शक्यच नव्हतं. ती तापाने फणफणलेली असताना डॉक्टरांचं इंग्रजी सुधारणारी पोरगी. सकाळचा मेसेज तिने लिहिलेलाच नव्हता.

आणि आपण त्याला काय कळवलं? ही तुझी चूक आहे, हे! आपल्याच हाताने बाईंनी त्याला सावध केलं होतं, वर उद्गारचिन्ह देऊन.

टेबलावरचा फोन थरथरला. धाकटीच्याच नावाने. "सॉरी ताई. इफ आय गॉट टाइम, आय वुड कॉल यू. थँक यू फॉर करेक्टिंग मी."

वाक्य अगदी चोख होतं. पण धाकटी आयुष्यात कधी व्याकरणासाठी सॉरी म्हणाली नव्हती. तिने तासभर हुज्जत घातली असती.

बाईंनी वर्ग तसाच सोडला आणि टॅक्सी पकडली. वाटेत त्या धाकटीच्या नंबरवर फोन लावत राहिल्या, तो कुणी उचलत नव्हतं. काही लिहायची आता त्यांची छाती होईना. एक शब्द इकडचा तिकडे झाला आणि तो आणखी सावध झाला तर?

धाकटीच्या फ्लॅटला बाहेरून कुलूप होतं. बाईंनी दार बडवलं, हाका मारल्या, दाराला कान लावला. शेजारची बाई चाळणी हातात घेऊन बाहेर आली.

"ते आत्ताच गेले की. मोठी बॅग घेऊन, घाईघाईत."

"दोघं?"

"नाही हो, एकटेच. तुमच्या बहिणीला मी परवापासून पाहिलेलं नाही."

बाई तिथून तडक पोलीस ठाण्यात गेल्या. फौजदार भला माणूस होता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग कपाळ खाजवत म्हणाला, "बाई, रागावू नका, पण एका वुडवरून तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठताय. नवरा-बायकोचं भांडण असेल."

"ती परवापासून दिसलेली नाही. तो कुलूप लावून पळालाय. ते कुलूप फोडा आधी."

परवापासून म्हटल्यावर फौजदार ताठ बसला. त्याने दोन शिपाई फ्लॅटवर पाठवले, फोन कुठे आहे ते बघायला सांगितलं आणि मग आवाज उतरवून विचारलं, "तुम्ही ती चूक दाखवलीत, ते नक्की कधी?"

"सकाळी. मला कळायच्या आधी."

"म्हणजे तोवर तो घरातच होता."

फौजदाराने तसं दुखवायला म्हटलं नव्हतं. पण बाईंना ते असं लागलं, की त्यांना रडूही येईना.

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन थरथरला. धाकटीचंच नाव. ह्या वेळी घसा नव्हता, ताई नव्हतं, सोंगच नव्हतं. एकच ओळ होती. "इफ यू हॅड नॉट करेक्टेड मी, शी वुड हॅव कॉल्ड यू."

फौजदाराने वाकून वाचलं आणि ओठांतल्या ओठांत अर्थ लावला. "तुम्ही मला सुधारलं नसतं, तर तिने तुम्हाला फोन केला असता. म्हणजे काय, बाई? ती अजून करू शकते ना फोन?"

बाई ती ओळ पुन्हा वाचत होत्या, एकेक शब्दावर बोट ठेवून. दोन वर्षं ज्याला एक वाक्य धड जमलं नाही, तो कुठेतरी घसरला असेलच. हॅड बघितला, वुड हॅव बघितला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या देवाकडे चूक मागत होत्या, एक तरी, म्हणजे त्याला दुसरंच काही म्हणायचं होतं असं धरता येईल.

त्यात एकही चूक नव्हती.