पाळण्यातला वरवंटा

रिना सव्वा महिन्याची होऊन आजोळाहून, म्हणजे खांडबाऱ्याहून, शहाद्याजवळच्या आपल्या घरी आली, तेव्हा तिच्यामागे टेम्पोतून एक पाळणाही आला. प्रतिभाच्या भावाने, अजितने, भाचीसाठी तो हौसेने घडवून घेतला होता. सागवानी, लाल-पिवळा, वर लाकडी पोपट आणि खाली घुंगरं. पोपटांच्या चोची नेमक्या बाळाच्या डोळ्यांसमोर यायच्या. गजांमधून मांजर आरपार जाईल एवढं अंतर होतं, आणि पहिल्याच दिवशी ती गेलीही. झोपायच्या खोलीत पाळणा नेला तर दार लागत नव्हतं, मधल्या घरात ठेवला तर माणसांना भिंतीला पाठ घासत चालावं लागत होतं. मामाचा मान म्हणून सगळ्यांनी त्याचं तोंडभर कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यात वाळलेले कपडे ठेवायला सुरुवात केली.

शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी लसीच्या दिवशी साफ सांगितलं होतं, "बाळ तुमच्या खोलीत, हात पोचेल इतकं जवळ. पण तुमच्या अंथरुणात नाही. गादी सपाट आणि घट्ट. उशी नको, लोड नको, खेळणी नकोत. पाठीवर झोपवायचं." प्रतिभाने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. बाईंचं बरोबरच होतं, पण त्यांनी अमृतला झोपलेला पाहिलं नव्हतं.

अमृत जागेपणी गुणी नवरा होता. पपईची बाग सांभाळायचा, आवाज चढवायचा नाही, बायकोने वाढलेलं मुकाट खायचा. झोपला की मात्र त्याचे हातपाय त्याचे राहत नसत. लग्नानंतर आठवडाभरातच त्याने प्रतिभाला पलंगावरून खाली पाडलं होतं आणि सकाळी, ती खाली का झोपली म्हणून, भाबडेपणाने विचारलं होतं, "तू खाले का बरं जपनी?" तेव्हा ती हसली होती. आता मधे रिना होती, तिला हसू येत नव्हतं. पोटाचे टाके अजून ओढत होते, तरी ती नवऱ्याकडे पाठ करून, पोरीभोवती कमान धरून रात्रभर टक्क जागी राही. दिवसा मग तिचं चित्त ठिकाणावर नसे. परवा तिने चहात मीठ घातलं. सासरे सुकलाल तो चहा न बोलता प्यायले, कारण त्यांना वाटलं, बाळंतिणीच्या घरात असाच करत असतील.

सासू रंजनाबाईंकडे यावर तोडगा तयार होता. त्यांच्या खोलीत आढ्याला एक जुनी कडी होती. तिला त्यांनी लुगड्याची झोळी बांधली.

"पोर मन्हाकडे दे. तू नीज."

झोळीत रिनाचं गाठोडं होऊन जाई, हनुवटी छातीला टेके. प्रतिभा म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरीणबाईंनी सपाट सांगेल शे."

"मन्हा अमृत झोळीमाच मोठा व्हयना."

ते दिसतंच आहे, असं प्रतिभा मनातल्या मनात म्हणाली.

सासूशी तिचं वाकडं नव्हतं. पण पोर एकदा दुसऱ्या खोलीत गेलं की तिथलंच होतं, हे तिने पाहिलं होतं. शेजारच्या सिंधुबाईंचा मुलगा थोडे दिवस म्हणून आजीकडे झोपायला गेला, तो लग्न ठरेपर्यंत परत आला नाही. प्रतिभाला आपली पोर आपल्या हाताशी हवी होती आणि तरीही डोळा मिटायला हवा होता. एवढंच तिचं मागणं होतं, आणि एवढ्यासाठी घरातलं प्रत्येक माणूस तिला उपदेश करत होतं.

"मी आनस ना मस्त पाळना," अमृत म्हणाला आणि मोबाईल घेऊन बसला.

खोक्यातून आला तो पाळणा खरोखर कामाचा होता. पलंगाला खेटून उभा करायचा, पलंगाकडची बाजू खाली सोडायची, म्हणजे आईने हात लांबवला की बाळ. खाली चाकं होती. सोबत एक कागदही होता. तो अमृतने न वाचता सुकलालांना दिला, त्यांनी चष्मा पुसला. पाळणा उभा राहिल्यावर काही स्क्रू उरले. "कंपनी जास्तीना देस," असं म्हणून अमृतने ते खिशात टाकले.

इथपर्यंत ठीक होतं. पण अमृतचा धंदा पपईचा. पपई दिल्लीपर्यंत धड पोचवायची तर फळ न फळ कागदात गुंडाळावं लागतं, क्रेटच्या तळाला कात्रणं अंथरावी लागतात, फट न फट बुजवावी लागते. फळ हललं की डाग पडला आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. अमृतने आयुष्यभर माल भरला होता, आता पोरगी भरायला घेतली. तळाला जाड गोधडी, तिच्यावर दुसरी, चहूबाजूंनी उशा, कोपऱ्यात लोड, आणि एक जागा उरली म्हणून तिथे कापडी अस्वल. शेवटी पाळण्याची उघडी बाजू कुठे संपते आणि बिछाना कुठे सुरू होतो ते कळेना.

"आते हाली का पोर? सांग बरं."

"आहो, त्यास्नी उशी नको सांगेल शे."

"त्या डॉक्टर शेत. त्यास्नी कधी माल भरेल शे का?"

आणि मजबुती दाखवायला त्याने रिकाम्या पाळण्याला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. स्वयंपाकघरातून रंजनाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"रिकामा पाळना हालावू नको, मेल्या! पोरनं पोट दुखी!"

आता आली का पंचाईत! पोर टाकून बघायची तर प्रतिभा तयार नाही, रिकामा हलवायचा तर सासू तयार नाही. पाळणा पक्का की कच्चा हे कळायचं कसं? मग उपाय रंजनाबाईंनाच सुचला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात कोण जातं? वरवंटा. त्याला टोपडं घालून, कुंची बांधून बायका खालून वर, वरून खाली देतात. म्हणजे पाळण्यात जायचा त्याचा हक्क जुनाच. वजनानेही तो रिनाला भारीच होता.

रंजनाबाईंनी पाट्यावरचा वरवंटा धुतला, पुसला, रिनाचं झबलं चढवलं, टोपड्याचे बंद बांधले आणि अट घातली.

"हाऊ दुपारभर पाळनामा टिकना, ते पोर तुन्हाजवळ. पडना, ते आजपासून मन्हाजवळ. मंग बोलानं नही."

प्रतिभा झोपेने अर्धमेली होती, पण मूर्ख नव्हती. नुसत्या पाळण्याने काय सिद्ध होणार?

"आत्याबाई, रातले पाळना एकला नही ऱ्हास," ती अमृतकडे पाहत म्हणाली. "यास्ले बी जपाडा."

त्या दुपारी अमृतला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी अशी वाढली की, तालमीतल्या माणसालाही डुलकी यावी. तसा त्याला आग्रहाची गरज नव्हती. तो भिंतीकडेला आडवा झाला, मधे प्रतिभा, बाहेरच्या बाजूला पाळणा आणि त्यात टोपडं घातलेला वरवंटा, छताकडे तोंड करून. दारात रंजनाबाई खऱ्या रिनाला मांडीवर घेऊन बसल्या. त्यांच्यामागे सुकलाल, चष्मा शोधायचं निमित्त करून. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

अमृत घोरायला लागला. बराच वेळ काही झालं नाही. प्रतिभाला बरं वाटू लागलं आणि त्याबरोबर भीतीही वाटू लागली, कारण तिचे डोळे मिटत होते. मग तिच्या पाठीत गुडघा आला. अमृतने भिंतीला तळपाय लावले, अंग ताणलं, आणि चिखलात रुतलेली गाडी लोटावी तसा तिला लोटलं. ती पाळण्यावर गेली. चाकांवरचा पाळणा बिचारा काय करणार, तो सरकला. पलंग आणि पाळणा यांच्यामधे फट पडली. खोलगट जागेत असता तर वरवंटा तिथेच राहिला असता, पण अमृतने त्याला उशा-गोधड्यांच्या डोंगरावर निजवलं होतं. तो सावकाश एका कुशीवर वळला आणि फटीतून खाली गेला.

फरशीला तडा गेला. त्या आवाजाने रिना दचकून रडू लागली. अमृत ताडकन उठून बसला.

"काय पडनं?"

"तुन्ही पोर," सुकलाल म्हणाले.

अमृतला फरशीवर फक्त टोपडं दिसलं. तो पलंगावरून उतरला नाही, कोसळलाच. गुडघ्यांवर रांगत तिथवर गेला, हात पुढे केला आणि दगडाचा गार स्पर्श लागल्यावर तसाच बसून राहिला. वरवंटा विनोदी दिसत होता, पण सुकलालांखेरीज हसलं कोणी नाही.

रंजनाबाईंनी रिनाला प्रतिभाच्या हातात दिलं, खाली वाकल्या आणि वरवंटा उचलला. त्याच्यावरची धूळ झटकली, सरकलेलं टोपडं नीट केलं, आणि मग आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं. त्या सुकलालांकडे वळल्या.

"दात नका काढू. तुम्हीन बी असाच पाय फेकेत." मग प्रतिभाला म्हणाल्या, "मी अमृतले झोळीमा हौसखातर ठेये का? पलंगवर ठेवती ते सकायलोंग वाचता नही. रातभर झोळीनी दोरी धरीसन बशी ऱ्हाऊ मी. बाय, तुन्ही पोर तुन्हापासून नही काढनी व्हती मले. याना पायपासून काढनी व्हती."

"मंग आधी सांगानं ना, आत्याबाई."

"काय सांगू? मन्हा पोऱ्या त्यानी पोरले चेंदी टाकी, असं सांगू? आई शे मी त्यानी."

प्रतिभाला एकदम रडू आलं. इतके दिवस ही बाई आपलं लेकरू हिसकावून घ्यायला बसली आहे असं ती समजत होती, आणि ही बाई तर तिच्यासारखीच, तिच्याआधीपासून, जागी होती. तिला स्वतःची लाज वाटली. तिने रंजनाबाईंचा हात धरला, तर त्यात वरवंटा होता, म्हणून दोघींनी मिळून वरवंटाच धरला.

अट मात्र अट होती. वरवंटा पडला होता. रंजनाबाईंनी आपल्या खोलीतल्या झोळीच्या दिशेने पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि मग जमिनीवर बसलेल्या मुलाला म्हणाल्या, "ऊठ. तूच बिघाडं, तूच नीट कर."

अमृत उठला. त्याने पाळण्यातून अस्वल काढलं, लोड काढले, उशा काढल्या, गोधड्या काढल्या. खाली पाळण्यासोबत आलेली सपाट, घट्ट गादी होती, ती पहिल्यांदाच उजेडात आली. सुकलालांनी अखेर कागद वाचला. उरलेले स्क्रू जास्तीचे नव्हते, गादीखालची फळी पलंगाच्या उंचीला आणून पक्की करायला होते. चाकांबद्दलही कागदात लिहिलं होतं. रात्री ती काढून ठेवायची आणि खाली रबरी पाय बसवायचे. अमृतने खिशातले स्क्रू बसवले, चाकं काढली, रबरी पाय लावले. मग बाहेर गेला आणि ट्रकवर रचलेले क्रेट आवळतात तो पट्टा घेऊन आला. या कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. दिल्लीच्या रस्त्याला तोंड देणारा माल तो बांधायचा. त्याने पाळणा पलंगाच्या पायांशी असा आवळला की दोन गाद्यांच्या मधे बोट जाईना. पट्ट्याचं मोकळं टोक पलंगाखाली गुंडाळून टाकलं.

परीक्षा रंजनाबाईंनी स्वतः घेतली. वरवंटा पुन्हा आत गेला, त्या पलंगावर आडव्या झाल्या, भिंतीला पाय लावले आणि सगळा संसार आठवून जोर लावला. पलंग करकरला. पाळणा तसूभर हलला नाही.

"व्हयनं," त्या धापा टाकत, अमृतकडे बोट दाखवून सुनेला म्हणाल्या. "आते हाऊ बैल बाहेर बांध."

"मी कोठे जपू?" अमृतने विचारलं.

"ओट्यावर. बापनापासी. दोन्हीजन लाथा मारा एकमेकले."

अमृतची खाट ओट्यावर गेली. वरवंटा पाट्यावर गेला, आणि त्याच्या जागी सपाट गादीवर, पाठीवर, रिना आली. काही नाही, नुसती रिना. मोकळ्या गादीवर ती फार लहान दिसत होती. प्रतिभा शेजारी पडली. पाठीमागे कोणी नव्हतं. तिने मनाशी म्हटलं, पाच मिनिटं फक्त.

पुढचं तिला संध्याकाळी सासऱ्यांनी सांगितलं. रिना कुरकुरली, म्हणून रंजनाबाई सवयीने तिला उचलायला उठल्या. दारात थबकल्या. प्रतिभाचा हात झोपेतच पाळण्यात गेला होता आणि पोरीच्या छातीवर थापटत होता. रिना गप्प झाली. रंजनाबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग अमृतच्या रिकाम्या जागेवर, भिंतीकडेला, हळूच आडव्या झाल्या. पाहता पाहता त्याही घोरू लागल्या.

चहाची वेळ टळून गेली तसे सुकलाल आत डोकावले आणि तिघी झोपलेल्या पाहून आल्या पावली ओट्यावर परतले.

"चहा?" अमृतने विचारलं.

"तू मांड. बठ्या जपी गयात. भांडं वाजाडू नको."

अमृतने पाणी ठेवलं, साखर टाकली, आल्याचा तुकडा शोधला आणि तो ठेचायला पाट्याकडे वळला. वरवंटा तिथेच होता. गडबडीत त्याचं टोपडं काढायचं राहून गेलं होतं. अमृतने हात पुढे केला, मागे घेतला, आणि चहा आल्याशिवायच केला.